आठव्या पुस्तकाचं गाऱ्हाणं

नारळ सोलून झाला होता, समई लावून झाली होती, पाटावर लाल कापडात बांधलेला पुस्तकाचा गठ्ठा ठेवून झाला होता. खोळंबा होता तो एकट्या भाईंचा. आणि भाई काही उठत नव्हते.

भाई पडवीत बाकड्यावर जाळं घेऊन बसले होते. होडी विकून सहा वर्षं झाली, पण घरात कुणाशी बिनसलं की भाई माळ्यावरचं जुनं जाळं खाली काढायचे आणि सुई घेऊन नसलेली भोकं शिवत बसायचे. माई, त्यांची बायको, म्हणायची की ह्या जाळ्यात मासा कधी गावला नसेल तेवढा ह्यांचा राग गावलाय.

आत देवापुढे सुगंधा बसली होती, भाईंची धाकटी बहीण. पासष्टीची बाई, कुडाळच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवलेली, सात कादंबऱ्या लिहिलेली. तिच्या पुस्तकांवर पुण्यात भाषणं होतात म्हणे. पण पुण्याला जायच्या आधी पुस्तक इथे तोंडवलीला, भावाच्या घरी यायचं, हा ह्या घरचा रिवाज, आणि तो भाईंनीच पाडलेला. पहिलं पुस्तक लिहून झालं तेव्हा ती पिशवीत गठ्ठा घेऊन एस्टीने आली होती. भाईंनी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, पुस्तक, उद्या पोस्टात टाकते. भाई सातवीत शाळेला रामराम ठोकलेले, पण ते उडालेच. न सांगता कसं टाकतेस? साधी होडी पाण्यात सोडायची तरी देवाला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि हे एवढं सात महिने लिहिलेलं असंच सोडणार? तिथल्या तिथे त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात देवाला सगळं सांगितलं. ते पुस्तक चाललं. तेव्हापासून सातही पुस्तकांना भाईंचं गाऱ्हाणं, आणि त्याशिवाय सुगंधा एक पान बाहेर पाठवत नसे. शाळेत मुलींना अंगारे-धुपारे करू नका म्हणून सांगणारी बाई, पण ह्या एका बाबतीत तिचं काही चालायचं नाही.

आता भाईंनी ती पुस्तकं वाचली होती का? घरात विचाराल तर नाही. पण होडीवर ताडपत्रीखाली एक एक पुस्तक असायचं, आणि अक्षर अक्षर लावत भाईंनी सातही संपवली होती. त्यांना पुस्तकं आवडली होती. एकच तक्रार. प्रत्येक पुस्तकात नायिकेला एक मोठा भाऊ असायचा, आडदांड, बहिणीच्या आड येणारा, आणि सातांपैकी पाचांत तो मरायचा. एकदा वादळात, एकदा सापाने, दोनदा दारूने, आणि एकदा तर नुसता तापाने. दारूचं भाईंना फार लागलं होतं. ते चहाशिवाय काही पीत नसत.

पण आजचा राग तो नव्हता. आजचा राग नमूआतेचा होता.

नमूआते म्हणजे नर्मदा, ह्या दोघांची आत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची. लग्न होऊन देवगडकडे गेली आणि दोन वर्षांत परत आली, ती ह्याच घरात राहिली. समोर खळ्यात, म्हणजे अंगणात, गोणपाटावर बसून ती आत्ताही अबोलीचे वळेसर बांधत होती. केळीच्या सोपाचा दोर, त्यात फुलं, उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी, पण वळेसर असा घट्ट की डोक्यात माळला तर दुसऱ्या दिवशीही फूल गळायचं नाही. आतेला कमी ऐकू येतं असा घरात समज होता.

ती परत कशी आली ते भाईंना लहानपणापासून पाठ होतं. त्यांचे वडील, तात्या, कमरेला कोयता लावून देवगडला गेले, आणि भर वाडीसमोर बहिणीला हाताला धरून घेऊन आले. भाईंनी ही गोष्ट मुलाला सांगितली, आणि मुलगा अजय आता घरामागच्या तीन खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना सांगायचा. मुंबईचे पाहुणे घावणे खाता खाता ऐकायचे आणि तात्यांच्या फोटोला नमस्कार करायचे.

सुगंधाच्या आठव्या पुस्तकात मात्र दुसरंच होतं. अजयची बायको दिव्या सुगंधाची हस्तलिखितं कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची, तिने रात्री अजयला सांगितलं, आणि अजयने सकाळी भाईंना. नायिकेचं नाव वेगळं, गाव वेगळं. पण करंगळी तीच आणि वळेसर तेच. ती भर दुपारी एकटी सासरचं घर सोडते, कुणाला न जुमानता किनाऱ्याने चालत माहेरी येते, आणि बाप आतून दार लावून घेतो.

सुगंधा बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"भाई, नारळ सुकतलो."

"सुकांदे."

"प्रकाशकाक सोमवारी व्हया."

"मगे दे. मी धरलंय तुका?" भाईंनी सुई ओढली. "तुज्या पुस्तकात बापूस दार लावन घेता. आमच्या तात्यान दार लावल्यान काय कधी?"

"तो पुस्तकातलो बापूस, भाई. तुजो न्हय."

"बोट आतेचा, फुला आतेची, घर आमचा, आणि बापूस तेवडो दुसऱ्याचो?"

 सुगंधा बोलायला लागली ती शाळेतल्यासारखीच. तिचं म्हणणं, लहानपणापासून तिने 'तात्यांनी आणली' एवढंच ऐकलं. आतेचं काय? आते काय बोचकं होती, ह्या घरातून नेली आणि त्या घरातून आणली? तिचे पाय कुठे होते? अठराव्या वर्षी सुगंधाला स्थळ आलं तेव्हा तात्या होकार देऊन बसले होते, आणि ही अडाणी आते उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, हिका शिकूक घाला, नायतर मी हयसून हलाचंय नाय. सुगंधाच्या सात पुस्तकांतल्या सात बायका कुठून आल्या? त्या उंबऱ्यातून आल्या. आता आठव्यात तिने खुद्द आतेला आणली तर भाऊ जाळं घेऊन बसतो.

अजय मध्ये पडला. तो सुगंधाला बाईच म्हणायचा, कारण कुडाळला मामाकडे राहून तीन वर्षं तिच्याच वर्गात मार खाल्ला होता. त्याने तोडगा काढला की बाईंनी फक्त करंगळी बदलावी. करंगळीच्या जागी दात करावा. पुढचा एक दात पडलेला. म्हणजे कुणी ओळखणार नाही आणि पाहुण्यांना सांगायची गोष्टही शाबूत राहील.

"तुज्या पाहुण्यांच्या घावण्यासाठी मी दात पाडू?" सुगंधा म्हणाली.

माई इतका वेळ नवऱ्याच्या बाजूने होती. तात्या तिचे सासरे. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, त्याच्यावर कशाला काही घालायचं, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. पण आता तिने हातातलं सूप खाली ठेवलं, आणि भाईंनी ओळखलं की वारा फिरला.

"अवो," माई म्हणाली, "बेचाळीस वर्सा मी आतेच्या वांगडा रांधतंय. ती कशी इली ता माका तुमी पयल्याच दिसाक सांगलास. पण ती कित्याक इली, ता ह्या घरात माका कोणी सांगूक नाय. मी इचारूक पण नाय." मग नणंदेकडे वळून म्हणाली, "वाच गो सुगंधाबाय. काय लिवलंस ता आयकांदेत तरी."

भाईंनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. म्हणजे नाही म्हणत नाही, एवढाच अर्थ.

सुगंधाने देवापुढचा गठ्ठा आणून पडवीतच सोडला. मालवणात छापून आणलेली नवीकोरी पानं. तिनेही ती अजून पाहिली नव्हती. तिने दुपारचं ते पान काढलं आणि वाचायला लागली. वाचायची छान. ऊन, तापलेली वाळू, झोपलेलं घर, आणि दारात उभी राहिलेली ती एकोणीस वर्षांची मुलगी. भाईंच्या मनात नसताना त्यांच्या डोळ्यांपुढे ती वाळू आली. त्या वाळूवर ते स्वतः अनवाणी पन्नास वर्षं चालले होते, आणि ती किती भाजते ते बहिणीने बरोबर लिहिलं होतं. एवढं त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"'तिने मागे वळून पाहिले नाही,'" सुगंधा वाचत होती. "'घरात सगळे झोपले होते. सासूने धुण्याची पाटी तिच्या डोक्यावर दिली आणि आपण पुढे चालू लाग...'"

ती थांबली. पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्या मी लिवक नाय," ती म्हणाली.

कुणालाच काही कळेना. सुगंधाच्या पुस्तकातली सासू म्हणजे राक्षसीण होती, सुनेला उपाशी ठेवणारी. ती पाटी कशाला उचलून देईल? सुगंधाने चष्मा पुसून पुढचं वाचलं. सासू पुढे, सून मागे. वाटेत कोणी विचारलं तर खाडीवर धुवायला चाललोय. पाटीत वर कपडे, खाली सुनेची दोन लुगडी.

दिव्या दाराआड उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

तिने सांगितलं ते असं. ती टायपायला बसायची ती खळ्यात, आतेशेजारी, कारण मोबाईलची रेंज तिथेच येते आणि खोल्यांच्या बुकिंगचे फोन तिलाच घ्यावे लागतात. बाईंचं अक्षर मुळात मुंग्या चालल्यासारखं. त्यात एक दिवस आतेच्या अबोलीच्या परडीतलं पाणी सांडलं आणि नेमक्या ह्याच पानावरच्या चार ओळी भिजून शाई पसरली. बाईंना फोन केला तर त्या सावंतवाडीला कार्यक्रमात. मग ती सहजच आतेला म्हणाली, नमूआते, पुस्तकातल्या ह्या बाईने घर सोडलं, मग पुढे काय झालं असेल गो? आणि आतेने हातातला वळेसर न थांबवता पुढचं सांगितलं. दिव्याने लिहिलं. तिला वाटलं, आतेला बाईंनी गोष्ट आधीच सांगितली असणार.

"म्हणजे आतेक ठावक आसा?" भाई म्हणाले. "तू ह्या सगळा तिका वाचून दाखवलंस?"

"पयल्या पानापासून," दिव्या म्हणाली. "ती रोज म्हणता, हां, मगे?"

सगळ्यांनी एकदमच खळ्याकडे पाहिलं. आते दोर दाताने तोडत होती. सकाळपासून ह्या चौघा-पाच जणांनी तिच्या आयुष्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि सोळा पावलांवर ती बसली होती, आणि तिला विचारायला एकाचाही पाय वळला नव्हता. भाईंना अंगणातल्या उन्हापेक्षा जास्त काहीतरी अंगाला लागलं. बहिणीकडे पाहिलं तर तिचंही तोंड उतरलं होतं. बायकांच्या हक्कावर तीस वर्षं लिहिणारी बाई, आणि हक्काच्या आतेला विचारलं नाही.

"झाला तुमचा?" आते तिथूनच म्हणाली. "मगे हय येवा. माजे गुडघे उठूचे नाय."

गेले सगळे. भाई जाळं टाकून सगळ्यांच्या आधी गेले आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले.

आते सावकाश बोलली. नवरा मारायचा. करंगळी त्यानेच मुसळाने मोडली, भात करपला म्हणून. सासू बघत राहायची, काही बोलायची नाही, आणि आते तिला मनात शिव्या घालायची. एक दिवस खाडीवर धुताना सासूच्या पाठीवरचे, चोळीखालचे माराचे वण दिसले. सासऱ्याने दिलेले. जुने, पांढरे पडलेले. त्यानंतर आठ दिवसांनी भर दुपारी, घर झोपलेलं असताना, सासूने तिला उठवलं आणि पाटी डोक्यावर दिली. तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर गेल्यावर होडीवाल्याला सांगितलं, ही माजी भाची, आचऱ्याक पोचव; तिथून तोंडवली जवळच. आणि स्वतः धुणं घेऊन परत फिरली.

"मी पळान येऊक नाय गो, सुगंधा. माका धाडल्यान. तू पुस्तकात माका एकटी चलवलंस. मी एकटी तो उंबरो वलांडूचंय नाय होतंय. माजे पाय लटलटत होते."

"आणि तात्या?" भाईंनी विचारलं. आवाज त्यांचाच त्यांना बारीक वाटला. "कोयतो?"

"कोयतो तुज्या बापाशीन नंतर लावल्यान, गजालीत, लोकांका सांगताना." आते हसली. "तो हयच बसलेलो, पडवीत. माका बघून घाबरलो. म्हणालो, जेव आता, फाल्या सकाळी तुका पोचवतंय. दार नाय लावल्यान रे. फाल्या म्हणालो, आणि तो फाल्या काय इलो नाय. दोन दिसांनी माज्यासाठी नवी चटय आणल्यान."

भाईंनी तात्यांना आयुष्यभर कोयत्यासकट पाहिलं होतं. आता ते चटई काखेत मारून बाजारातून येताना दिसले. काखेतल्या चटईनं तात्या काही लहान झाले नाहीत. भाईंना ते आधीपेक्षा ओळखीचे वाटले.

 सुगंधाने विचारलं, आते, हे तू मला कधीच का नाही सांगितलंस?

"मी सुटान इलंय. तिका थयच ऱ्हवाचा होता. तिणा सांगलेला, कोणाक बोलू नको, माका मारून टाकतीत. मी बोलूक नाय. मगे ती गेली. मगे इचारूक कोण नाय होता." आतेने वळेसर मांडीवर ठेवला. "आणि गो, गेल्या वर्सा सावंतवाडीची बाय इल्ली ना तुज्याकडे? तुजा पुस्तक वाचून एकटी घर सोडल्यान ती?"

सुगंधाने मान हलवली. त्या बाईचं घरात सगळ्यांना माहीत होतं. ती तीन दिवस बसस्टँडवर झोपली होती. सुगंधाने तिला कुडाळला आपल्या घरी ठेवून घेतली, अजून ती तिथेच आहे. पण त्या तीन दिवसांचं सुगंधा कुणाजवळ बोलत नसे.

"तिका कोणी सांगूक नाय की पाटी उचलून देणारी कोणतरी शोध आधी," आते म्हणाली. "तुज्या पुस्तकात सगळी एकटी. म्हणान सांगतंय. माजा नाव घालू नको व्हया तर. पण तिका राक्षसीण करू नको. तिचा नाव घाल."

"काय नाव तिचा?" माईने विचारलं.

सून सासूचं नाव घेत नाही. आतेने पासष्ट वर्षांत ते तोंडातून काढलं नव्हतं. तिने आधी पदर डोक्यावर घेतला.

"सगळी लक्ष्मी म्हणत. पण ता लग्नात बदललेला. तरीर माका म्हणाली, माजा म्हायेरचा, आवशीन ठेवलेला नाव मथुरा. हय कोणाक म्हायत नाय. तू तरी ध्यानात ठेव."

 खोल्यांकडून कुणी पाहुणा गरम पाणी मागायला आला, त्याला अजयने हातानेच थांबवलं.

सुगंधाने पर्समधून पेन काढलं, शाळेतलं, लाल. मांडीवरच्या त्या पानावर तिने वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली, पोरांच्या निबंधावर मारायची तशी. दिव्याने लिहिलेल्या चार ओळी तेवढ्या सोडल्या. मग पुण्याला फोन लावला आणि सोमवारी जमणार नाही, दोन महिने लागतील, असं सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी बोलत होता. ती हूं हूं करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "साठ पाना गेली, भाई. पुस्तकच मोडला. नारळ ठेव आत, उपेग नाय आज."

"कोण म्हणता?" भाई गुडघ्यावर हात देऊन उठले. "होडी पाण्यात सोडताना गाऱ्हाणा घालतत, तसा नव्या होडयेचा लाकूड तोडताना पण घालतत. उठ."

आतेला दोघांनी धरून आत नेली. भाईंनी नारळ पाटावर ठेवला, टोपी नीट केली, हात जोडले. आणि जो आवाज एकेकाळी वाऱ्यावरून पलीकडच्या होडीला जायचा, तो लावला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुज्या ह्या लेकरान आठव्या पुस्तकाचा काम परत हातात घेतल्यान हा. तिच्या हाताक यश दी. तिचा अक्षर जरा लागांदे."

"व्हय म्हाराजा." दिव्याचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

"आमची नर्मदा, तिका दोनय वेळा ह्या घरान इचारूक नाय. आदी देताना नाय, आता लिवताना नाय. ती चूक पदरात घे."

आतेनेच आधी व्हय म्हटलं.

"आणि देवगडाकडची मथुरा. जिणा आमच्या घरचा चेडू आमका परत धाडल्यान आणि आपण मागे फिरली. तिचा कूळ आमका म्हायत नाय, घर म्हायत नाय. पण आजपासून ह्या घरात नारळ ठेवलो की तिच्या नावान ठेवलो जायत, ह्या तुका सांगान ठेवतंय. तिच्या आत्म्याक शांती दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." माईने डोळे पुसले. सुगंधाने चष्मा काढून हातात घेतला होता.

भाई जरा थांबले. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण भाईंनी एक डोळा उघडून बहिणीकडे पाहिलं आणि परत मिटला.

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या पुस्तकात तरी भावाक मरण येव नको. आणि येवचाच आसात, तर दारून नको."

"व्हय म्हाराजा," अजय म्हणाला, माई म्हणाली, दिव्या आणि आते म्हणाल्या. सगळे सुगंधाकडे बघायला लागले. भाई हात जोडून तसेच उभे, डोळे मिटलेले, नारळ फोडायचा थांबलेला.

"बघूया म्हाराजा," सुगंधा म्हणाली.